परदेशी सेवेत तरुण संघ चालवताना : नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

शरणपूर रोडच्या परिसरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कधी एखादे जोडपे, कधी एखादी परिचारिका, तर कधी नुकताच सेमिनरीतून बाहेर पडलेला एखादा तरुण परदेशी सेवेला निघतो. निघण्याआधी हे लोक बहुधा आमच्या घरी चहाला येतात, कारण आम्ही दोघा पतिपत्नींनी केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा बेटाच्या उत्तरेकडील वस्तीत, तेथील मंडळीच्या हाताखाली सहा वर्षे तरुण संघाचे काम पाहिले. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘कार्यक्रम कोणकोणते घ्यायचे?’’ प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. त्याआधी हा संघ कोणाचा, याचा निकाल स्वतःच्या मनाशी लावावा लागतो. तो तेथील मंडळीचा आहे आणि आपण काही वर्षांचे मदतनीस आहोत, हे ज्याला मनापासून मान्य नसेल त्याने तिकीट काढण्याची घाई करू नये. पुढील सूचना केनियाच्या अनुभवावरून लिहिल्या आहेत. दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी तपशील बदलून घ्यावेत.

आधी शरणपूर आठवावे

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला या कामात एक सोय आहे, ती म्हणजे मिशनरी आले म्हणजे काय होते, हे त्याला घरच्या इतिहासातून ठाऊक असते. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेचे काम नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झाले आणि १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूरची वसाहत उभी राहिली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले या शरणपुरात ठेवली जात आणि त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवले जात. पुढे यांतील अनेक जण पूर्व आफ्रिकेत परतले. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे मोंबासाजवळच्या रबाई येथे सेवेला लागले. यांच्यातलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी-प्रवाशाच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीमधील दफनविधीला हजर होता. शरणपूरचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनीच त्यानंतर मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसवले. तेथील घंटा आजही रस्त्याच्या चौकात उभी आहे आणि स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणत असल्याने तो भाग ‘केंगेलेनी’ या नावाने ओळखला जातो. म्हणजे नाशिकहून मोंबासाला सेवेकरी जाणे ही नवी गोष्ट नाही, आणि आपण तेथे काही नवे घेऊन चाललो आहोत हा समज विमानात बसण्यापूर्वीच उतरवून ठेवणे बरे.

घरच्या इतिहासातील दुसरा धडा गाण्यांचा आहे. आपल्या मंडळ्यांनी कितीतरी वर्षे इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गायिली, ज्यांत मराठी शब्दांचे आघात चालीखाली चिरडले जात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन यांच्या वळणाने रचना केल्या, तेव्हा कोठे पेटी-तबल्यावर, मांडी घालून, डोळे मिटून गाता येईल असे गाणे मंडळीला मिळाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. आपल्या आजीच्या ओठांवर कोणती गाणी राहिली आणि कोणती केवळ पुस्तकात राहिली, हे ज्याने पाहिले आहे, त्याने परदेशातील तरुणांसमोर आपल्या आवडीची गाणी प्रोजेक्टरवर लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

कागदपत्रे आणि तयारी

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून लवकर उरकतो. तेथील मंडळीचे लेखी निमंत्रण हातात असल्याशिवाय निघू नये, आणि त्या पत्रात आपण कोणाला उत्तर देण्यास बांधील आहोत त्या व्यक्तीचे पद स्पष्ट लिहिलेले असावे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि तेथील अँग्लिकन चर्च ही दोन्ही अँग्लिकन कम्युनियनचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नाते असलेल्या चर्चच्या जागतिक परिवाराचे, घटक असल्याने आमच्या पाळकसाहेबांचे शिफारसपत्र तेथे सहज स्वीकारले गेले. इतर पंथांच्या मंडळींनी आपापल्या वाटेने हा दुवा जुळवावा. पर्यटक म्हणून प्रवेश करून संघ चालवणे हा कायद्याचा भंग आहे. केनियात धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी स्वतंत्र वर्गाचा परवाना असतो आणि तो मागण्याचे काम निमंत्रण देणाऱ्या संस्थेचे असते. पासपोर्ट विभागाकडून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढावे, कारण मुलांमध्ये काम करणाऱ्याकडे ते कोणीही केव्हाही मागू शकते, आणि न मागितले तरी आपण होऊन द्यावे. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी आणि तिचा दाखला जन्मभर जपावा. तो परतताना मुंबईच्या विमानतळावर दाखवावा लागतो आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येते. किनाऱ्यावर हिवताप बारमाही असतो, त्याच्या औषधाविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. येथील एखाद्या विश्वस्त संस्थेचा पैसा परदेशात खर्च होणार असेल, तर आयकराच्या सवलतीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये.

पहिले सहा महिने काहीही सुरू करू नये

नव्या माणसाला हे सर्वांत कठीण जाते. घरून निघताना मंडळीने हात ठेवून प्रार्थना केलेली असते, निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालेले असते, आणि आता तीन महिन्यांत छायाचित्रासह अहवाल पाठवला पाहिजे असे दडपण मनावर असते. तरीही थांबावे. बहुतेक ठिकाणी तरुणांचा काही ना काही संघ आधीपासून असतोच. केनियाच्या अँग्लिकन मंडळ्यांत तर ‘कायो’ या नावाची तरुणांची संघटना गावोगावी असते, तिचे पदाधिकारी निवडलेले असतात आणि त्यांच्या सभा ठरलेल्या असतात. त्या शेजारी स्वतःचा दुसरा, अधिक चकचकीत संघ उघडणे म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या ओसरीवर खानावळ थाटण्यासारखे आहे. त्यांच्या सभेत मागच्या बाकावर बसावे, खुर्च्या लावाव्यात, चहाचे कप विसळावेत आणि नावे पाठ करावीत.

भाषा मात्र पहिल्या दिवसापासून शिकावी. स्वाहिली मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. तेथे दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, चहाला ‘चाय’, जगाला ‘दुनिया’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून अभिवादन करावे लागते आणि ते ‘मराहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करतात. हे न करता थेट कामाचे बोलणारा माणूस तेथे उद्धट ठरतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

शब्द आले तरी व्यवहार येतोच असे नाही, याचा अनुभव मला चौथ्या महिन्यात आला. एका शनिवारी दुपारी चारला मुलांना खेळायला बोलवावे म्हणून मी आदल्या रविवारी मोठ्या अभिमानाने, स्वाहिलीत, ‘सा न्ने’ म्हणजे ‘चार वाजता’ असे जाहीर केले. शनिवारी सकाळी मी धुण्याच्या बादलीसमोर बसलेलो असताना फाटकावर बावीस मुले उभी! स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळी सातला ‘एक’ वाजतो, म्हणून ‘सा न्ने’ म्हणजे सकाळचे दहा आणि आपले दुपारचे चार म्हणजे ‘सा कुमी’, अक्षरशः दहा. मुले वेळेवर आली होती, मीच सहा तास मागे होतो. एकाही मुलाने मला हसून दाखवले नाही, त्यामुळे अधिकच ओशाळलो. त्यानंतर कोणतीही वेळ मी स्वतः जाहीर केली नाही. ते काम संघाच्या चिटणीस मुलीकडे दिले आणि आजही तेच करावे असे सांगतो, कारण सूचना स्थानिक तोंडून गेली की वेळेचाच नव्हे, आणखी दहा गोष्टींचा गोंधळ टळतो.

वयोगट आणि वार्षिक आखणी

‘तरुण’ म्हणजे कोण, हे ठरवण्यात पहिली अडचण येते. आपल्याकडे तरुण संघ म्हटले की कॉलेजची मुले डोळ्यांसमोर येतात. केनियाच्या राज्यघटनेत मात्र १८ वर्षे पूर्ण झालेली आणि ३५ वर्षांची न झालेली व्यक्ती तरुण मानली आहे, त्यामुळे संघाच्या सभेला तेरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि दोन लेकरांचा बाप असलेला मटाटूचालक एकाच बाकावर बसलेले आढळतात. मटाटू म्हणजे तेथील खासगी प्रवासी व्हॅन, आपल्या द्वारका चौकातल्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांची थोरली बहीण. अशा वेळी अठराच्या आतील आणि वरील असे दोन गट वेगळ्या वेळी भरवावेत, आणि वरच्या गटातील निवडक, मंडळीने पारखलेल्या तरुणांना खालच्या गटाचे मदतनीस करावे. बेकारी, लग्न, घरचा खर्च हे वरच्या गटाचे विषय, तर अभ्यास, मैत्री आणि मोबाइल हे खालच्या गटाचे. दोघांना एकच प्रवचन ऐकवले की दोघेही कंटाळतात.

वर्षाची आखणी नाशिकच्या कॅलेंडरवर करू नये. तेथे शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते, तीन सत्रे असतात आणि एप्रिल, ऑगस्ट व वर्षअखेर अशा सुट्या मिळतात. अनेक मुले वसतिगृहाच्या शाळांत शिकत असल्याने सत्र चालू असताना संघ अर्धा रिकामा असतो. शिबिर ऑगस्टमध्ये किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला घ्यावे. मे महिन्यात घेऊ नये, तो किनाऱ्यावर मुसळधार पावसाचा असतो. आम्ही सवयीने पहिले शिबिर मेमध्ये आखले होते. तेथील पाळकसाहेबांनी कागद पाहिला, खिडकीतून आभाळाकडे पाहिले आणि कागद परत दिला.

शनिवारची दोन तासांची सभा

सहा वर्षांत जो साचा आमच्या खालच्या गटात टिकला तो येथे सविस्तर देतो, कारण कार्यक्रमांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

पहिली चाळीस मिनिटे मैदानावर जातात. फुटबॉल तर असतोच, पण तो एकटा असला की मुली कडेला उभ्या राहतात, म्हणून मुले-मुली मिळून खेळतील असा एक खेळ हवा. आम्ही लगोरी शिकवली. चपट्या फरशा मिळेनात, तेव्हा एका मुलाने नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून सात थर रचले. करवंट्या चेंडू लागताच इतक्या दूर उडत की लगोरी परत लावणे दुप्पट कठीण झाले आणि खेळाची रंगत वाढली. नंतर हेच रूप त्यांनी नियम बदलत बदलत स्वतःचे केले आणि आम्ही पंचगिरीही सोडली. खेळानंतर चहा आणि ‘महाम्री’, म्हणजे नारळाच्या दुधात मळून तळलेल्या गोडसर पुऱ्या. खाणे सभेच्या शेवटी ठेवू नये, कारण काही मुले दुपारचे जेवण न घेता आलेली असतात आणि रिकाम्या पोटी वचन ऐकवणे हा शुद्ध अविचार आहे.

त्यानंतर गायन, पूर्णपणे मुलांच्या हाती. ढोलकाच्या दोन ठोक्यांत सगळी सभा उभी राहून डोलू लागते, आणि तेथे आपल्या भजनी मंडळाच्या शिस्तीची अपेक्षा धरू नये. माझ्या पत्नीने तिसऱ्या वर्षी, मुलांनीच आग्रह केला म्हणून, टिळकांचे एक भजन शिकवले. धृपद मराठीत आणि कडव्यांचा अर्थ स्वाहिलीत, असे ते गात. मागितले म्हणून दिले, एवढाच त्यातील धडा.

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासाला अर्धा तास पुरतो. एका वेळी दहा-बारा ओळींचा एकच उतारा घ्यावा, तो दोन मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि पाच-सहा जणांच्या गटात बसून चारच प्रश्न विचारावेत : येथे काय घडले, यात कोणती गोष्ट खटकली, देवाविषयी काय कळले, आणि सोमवारी शाळेत याचा काय उपयोग. दुसरा प्रश्न गाळण्याचा मोह मदतनिसांना होतो, तो गाळू देऊ नये. खटकलेली गोष्ट मोकळेपणाने बोलता येते हे कळले की मुले परत येतात. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये असे जे वचन आहे, ते सुरुवातीला घेण्यास चांगले, मात्र त्यावर आपण भाष्य न करता मुलांना आपल्याला कोण कसे तुच्छ मानते ते सांगू द्यावे. आमच्या सभेत त्या दिवशी अर्ध्या तासाचा दीड तास झाला. शेवटची दहा मिनिटे प्रार्थना आणि सूचनांची, आणि अंधार पडण्यापूर्वी सर्वांना घरी पाठवायचे. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने साधारण साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश फार रेंगाळत नाही.

मुलांची सुरक्षितता

या बाबतीत सौम्य बोलण्याची सोय नाही. परदेशी पाहुण्यावर लोक भाबडेपणाने विश्वास ठेवतात आणि नेमका त्याचाच गैरफायदा घेणारी माणसे जगभर सापडली आहेत, म्हणून आपण कितीही सज्जन असलो तरी नियम आपल्यालाच प्रथम लागू करावेत. अठरा वर्षांखालील मुलाबरोबर कोणतीही मोठी व्यक्ती बंद खोलीत किंवा गाडीत एकटी असू नये, प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन मोठी माणसे असावीत आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. मुलांना रात्री आपल्या घरी ठेवून घेऊ नये. शिबिराला पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि तो कागद त्यांना समजेल अशा भाषेत असावा. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय काढू नयेत, काढली तरी नावासह कोठेही पाठवू नयेत, आणि निधी मिळावा म्हणून फाटक्या कपड्यांतील मुलाचे चित्र पाठवणे तर कटाक्षाने टाळावे. आपल्याच लेकराचे असे चित्र परक्या देशात भिंतीवर लागलेले आपल्याला चालेल का, एवढे विचारले की पुरे.

एखाद्या मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर ‘हे कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. शांतपणे ऐकावे, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि मंडळीने नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवावे. केनियात २०२२ चा बालकांविषयीचा कायदा लागू आहे आणि मुलांसाठीची मदतवाहिनी ११६ या क्रमांकावर असते, जशी आपल्याकडे १०९८ वर. हा क्रमांक सभागृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावा. प्रकरण मंडळीतल्या मंडळीत मिटवण्याचा सल्ला कोणीतरी वडीलधारा हमखास देतो. तो नम्रपणे, पण ठामपणे नाकारावा.

इतर धर्मांची मुले

किनाऱ्यावर मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांची मुले फुटबॉलसाठी हमखास येतात. खेळ सर्वांना खुला ठेवावा, पण त्यानंतर गायन आणि शास्त्राभ्यास असतो हे त्यांच्या पालकांना घरी जाऊन सांगावे. खेळून झाल्यावर घरी जाणाऱ्या मुलाला चहा-महाम्री मिळालीच पाहिजे. खाऊची अट घालून बसवून ठेवणे ही सुवार्ता नव्हे, आणि असल्या आरोपांची झळ आपल्या देशात आपण सोसलेली असल्याने त्याचे गांभीर्य आपल्याला वेगळे सांगायला नको. रमजानच्या महिन्यात आम्ही खेळाची वेळ बदलत असू आणि त्या काळात मैदानावर उघड्यावर काही खात नसू.

पैसा

दुसऱ्या वर्षी नाशिकमधील मित्रांनी जमवलेल्या पैशांतून आम्ही एक टेबल टेनिसचे टेबल घेतले. पहिले दोन महिने झुंबड उडाली, नंतर जाळी फाटली, एक पाय निखळला आणि टेबल आंब्याच्या झाडाखाली कोंबड्यांच्या कामी आले. मी चिडलो. ‘‘हे दुरुस्त का करत नाही?’’ असे विचारल्यावर अध्यक्ष मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘ते तुमचे आहे ना, आम्हाला वाटले तुम्ही कराल.’’ त्यानंतर संघाला हवी असलेली कोणतीही वस्तू त्यांनी स्वतः ठरवायची, निम्म्याहून अधिक पैसा त्यांनी उभा करायचा आणि मगच बाहेरची मदत घ्यायची, असा नियम केला. केनियात सर्वांनी मिळून निधी उभारण्याला ‘हाराम्बे’ म्हणतात आणि लग्न, शाळेची फी, अंत्यविधी या सगळ्यांसाठी ते होते. ही पद्धत आपल्या अहवालांपेक्षा जुनी आणि पक्की आहे. पुढचे ढोल असेच आले, आणि त्यांच्या कातड्याला भेग पडली तेव्हा आम्हाला कळण्यापूर्वी ती दुरुस्त झाली होती.

वर्गणी एम-पेसावर, म्हणजे २००७ पासून तेथे रुळलेल्या मोबाइलवरील पैशांच्या सेवेने, जमा होते. ती आपल्या फोनवर कधीही घेऊ नये. संघाच्या खजिनदाराच्या नावे वेगळा क्रमांक ठेवावा, जमाखर्च दर महिन्याला दारावर लावावा आणि दोघांच्या सह्यांशिवाय पैसा काढू नये.

सोपवणे

आपण केव्हा निघणार हे पहिल्या वर्षीच सांगावे आणि त्या तारखेपासून मागे मोजत कामे सोडत जावे. आम्ही चौथ्या वर्षी शास्त्राभ्यास सोडला, पाचव्या वर्षी शिबिराची आखणी, आणि सहाव्या वर्षी सभागृहाच्या किल्ल्या. शेवटचे सहा महिने आम्ही पुन्हा मागच्या बाकावर होतो आणि कप विसळत होतो. त्या काळात काही गोष्टी बिघडतात : सभा उशिरा सुरू होते, एखादे शिबिर रद्द होते, नवा अध्यक्ष आपल्याला न आवडणारा निर्णय घेतो. अशा वेळी विचारल्याशिवाय तोंड उघडू नये.

परत आल्यावर संघाच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनपद सोडावे आणि महिन्याभरात गटातूनही बाहेर पडावे, कारण आपण तेथे असेपर्यंत प्रत्येक वाद आपल्याकडेच येतो. ज्यांना बोलायचे असते ते वेगळा फोन करतातच. तेथील घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते, म्हणून त्यांची चारची सभा सुरू होते तेव्हा नाशिकमध्ये साडेसहा वाजलेले असतात. त्या वेळी फोन करू नये, सभा चालू असते.